तिरस्करिसलागिदे

"वकीलबाई, सरकार आमचा तिरस्कार करतंय म्हणून लिवलंय न्हवं ह्यात?"

आबांनी कागद टेबलावर ठेवला तो असं विचारतच. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेला, त्यांच्या जंगलजमिनीच्या दाव्यावरचा एका पानाचा कन्नड आदेश. नातू मराठी शाळेत सातवीला. कन्नड विषय असल्यामुळे अक्षरं लावता येत होती, पण सरकारी भाषा कुठून येणार? त्यानं शेवटची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली होती, 'तिरस्करिसलागिदे'. कन्नडात त्याचा अर्थ 'नामंजूर करण्यात आलं आहे', एवढाच. मराठी कानाला मात्र तो शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागतो. जो आपला तिरस्कारच करतो त्याच्या दारात परत काय म्हणून उभं राहायचं, असं म्हणून आबांनी कागद ट्रंकेत टाकला आणि चार महिने गप्प राहिले. अपिलाची मुदत 60 दिवसांची होती.

मी बेळगावात वकिली करते. त्यातही रिट पिटिशनची, म्हणजे सरकार आणि माणूस यांच्यातल्या तंट्याची. आबांचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा सनद घेऊन मला सहा वर्षं झाली होती. तोवर मला वाटायचं की माझं काम म्हणजे राज्यघटनेची कलमं कोर्टात नीट मांडणं. ते आहेच. पण त्याच्या अलीकडे एक काम असतं ते मला त्या कागदानं शिकवलं: सरकारला कारण लिहायला लावायचं, आणि ते कारण ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला कळलं पाहिजे हे बघायचं.

या वाटेला मी कशी आले ते सांगते, कारण सीमाभागातल्या मुली अधूनमधून विचारतात.

माझ्या आजीच्या लेखी वकील म्हणजे कोर्टाच्या आवारात टाइपरायटरवाल्याशेजारी उभा असणारा काळ्या कोटातला माणूस, आणि त्याच्या वरचा तो बॅरिस्टर. बॅरिस्टर म्हटलं की आमच्याकडे एकच नाव, नाथ पै. वेंगुर्ल्याला जन्मले, बेळगावात शिकले, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, राजापूरचे खासदार झाले आणि 18 जानेवारी 1971 ला बेळगावातच गेले. आजीनं त्यांचं एक भाषण ऐकलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं, पण "ऐकताना वाटायचं, हा माणूस आपल्यासाठी भांडतोय" हे ती मरेपर्यंत सांगायची. मी लॉ कॉलेजला प्रवेश घेतला तेव्हा तिनं वाड्यातल्या सगळ्यांना सांगितलं की पोरगी बॅरिस्टर व्हायला चालली. तिला कसं सांगणार की 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर आपल्याकडे बॅरिस्टर, प्लीडर, मुखत्यार असले भेद उरले नाहीत, सगळे एकाच रांगेतले ॲडव्होकेट? मी ते तिला कधी सांगितलंच नाही.

कॉलेज राजा लखमगौडा लॉ कॉलेज, 1939 सालचं. टिळकवाडीतून सायकलनं जायचे. घटनेच्या तासाला मी पुढच्या बाकावर बसायचे. मनेका गांधी खटला (1978), त्यानंतर हुसैनारा खातून (1979), मग एस. पी. गुप्ता (1981), ज्यात जनहितासाठी तिऱ्हाईतालाही न्यायालयात येता येईल हे न्यायालयानं मोकळेपणानं मान्य केलं. वाचताना अंगावर काटा यायचा. हुसैनाराच्या खटल्यातली, बिहारच्या तुरुंगात खटला न चालता वर्षानुवर्षं खितपत पडलेली माणसं केवळ एका वर्तमानपत्रातल्या बातमीच्या आधारानं केलेल्या अर्जामुळे सुटू शकतात, हे मला तेव्हा चमत्कारासारखं वाटलं. आजही वाटतं.

सनदेसाठी बेंगळुरूला जावं लागलं. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी उतरून बार कौन्सिलच्या रांगेत उभं राहायचं. तेव्हा फीचे सगळे आकडे मिळून इतके होते की वडिलांनी सोसायटीतून उचल घेतली. आता सर्वोच्च न्यायालयानं 30 जुलै 2024 च्या निकालात स्पष्ट केलंय की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125. हा निकाल मी दोनदा वाचला. कोण या व्यवसायात येऊ शकतो हे ठरवणारी गोष्ट आहे ती. सनदेनंतर ऑल इंडिया बार एक्झाम, तीही झाली.

मग ज्युनिअरशिप. माझे सीनियर दिवाणी आणि महसुलाचे वकील, कूळकायद्यात मुरलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात संसदेतल्या जुन्या चर्चेचा गठ्ठा ठेवला. 27 फेब्रुवारी 1967 ला गोलकनाथ निकाल आला की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी विधेयक आणलं, संसदेला तो अधिकार परत मिळावा म्हणून. मी गोंधळले. हक्कांसाठी भांडणारा माणूस हक्कांवरचं कुलूप काढायला का निघाला? सर म्हणाले, "त्यांचा विश्वास लोकांनी निवडलेल्या सभागृहावर होता, तुझा न्यायालयावर आहे. केशवानंद भारती वाच, 1973. दोन्हीमधली वाट तिथं सापडते, संसद घटना बदलू शकते पण तिचा गाभा मोडू शकत नाही. पण आधी ठरव, हक्क कुणाच्या हातात सुरक्षित राहतो असं तुला वाटतं." मी अजून पूर्ण ठरवलेलं नाही. पण हा प्रश्न ज्याला पडत नाही त्यानं पब्लिक लॉकडे, म्हणजे सरकार आणि माणूस यांच्यातल्या कायद्याकडे, वळू नये असं मला वाटतं.

पैशाचं सांगायलाच हवं. पहिली दोन वर्षं सर जे द्यायचे त्यात बसचा पास आणि दुपारचं जेवण एवढं भागायचं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांना त्यांच्या सीनियरनं तेवढंही दिलं नव्हतं. लंडनमध्ये ह्युमन राइट्सची प्रॅक्टिस करणाऱ्या एका बॅरिस्टरचं व्याख्यान मी ऑनलाइन ऐकलं होतं. तिकडे इन्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांमध्ये, नाव घालून परीक्षा झाली की वर्षभर प्युपिलेज, म्हणजे चेंबरमध्ये उमेदवारी, आणि त्या काळात किमान मानधन देणं चेंबरला बंधनकारक. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलंय. सुचवलंय, सक्ती नाही. शेतकऱ्याच्या घरातली किती हुशार मुलं या दोन-तीन वर्षांत गळतात ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि गळतात ती नेमकी तीच, ज्यांना जमिनीची, रेशनची, पेन्शनची भांडणं घरातूनच माहीत असतात.

त्या व्याख्यानातली आणखी एक गोष्ट डोक्यात राहिली. इंग्लंडमध्ये ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे सरकारी निर्णय न्यायालयाकडून तपासून घेण्याचा, अर्ज लवकरात लवकर, आणि फार तर तीन महिन्यांत करावा लागतो. आपल्या रिटला अशी ठरलेली मुदत नाही, पण उशिराचा खुलासा द्यावा लागतो. आबांचा कागद चार महिने ट्रंकेत होता, म्हणून मला ते आठवलं.

सीनियरांच्या ऑफिसात एक कारकून होते, कन्नड घरातले, धारवाडकडचे. त्यांनी मला कन्नड वाचायला शिकवलं. लिपी महिनाभरात आली. सरकारी कन्नड यायला तीन वर्षं लागली. अर्धे शब्द तर आपलेच निघाले: अर्जी, कचेरी, उतार, शरा, मंजूरु. मुंबई इलाख्यातला हा सगळा मुलूख, त्यामुळे दफ्तराची बोली दोन्हीकडे एकच राहिली. घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 'विचारणे' म्हणजे सुनावणी किंवा चौकशी, विचारणं नव्हे. 'अनुमान' म्हणजे संशय. एका जबाबात मी 'अनुमान' हा शब्द मराठी अर्थानं घेतला आणि भाषांतर उलटंपालटं झालं. कारकूनकाकांनी दाखल व्हायच्या आत पकडलं. तेव्हापासून मी प्रत्येक कन्नड कागद त्यांना, ते निवृत्त झाल्यावर माझ्या कन्नड मैत्रिणीला दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

माझी स्वतंत्रपणे केलेली पहिली रिट एका देवदासी बाईंची होती, सौंदत्तीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. 1982 च्या कायद्यानं कर्नाटकात मुली सोडायला बंदी आली. त्यापूर्वी सोडलेल्या बायकांसाठी सरकारची पेन्शन होती, पण तेव्हा ती 1993-94 किंवा 2007-08 च्या सर्वेक्षणाच्या यादीत नाव असेल तरच मिळायची. या बाई दोन्ही वेळा ऊसतोडीला बाहेर होत्या. यादीत नाव नाही. मी निवेदन दिलं, माहिती अधिकारात यादी मागवली आणि मग रिट केली. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात दुसऱ्याच तारखेला आदेश मिळाला: बाईंच्या निवेदनाचा आठ आठवड्यांत विचार करावा. मी बसमध्ये रडले आनंदानं. बाईंना फोन केला, त्याही रडल्या.

आठव्या आठवड्यात उत्तर आलं. विचार केला, सर्वेक्षणात नाव नसल्यानं अर्ज नामंजूर. एक ओळ.

सरांनी तेव्हा मला बसवून दोन निकाल वाचायला दिले, आंध्रच्या एसटी महामंडळाचा 2006 चा आणि सी. जेकब, 2008. 'विचार करावा' अशा आदेशातून काय काय घडतं, हे सर्वोच्च न्यायालयानं त्यांत सविस्तर सांगितलंय. विचार करा म्हटलं की खातं विचार करतं आणि तेच उत्तर परत लिहितं. मला हवं होतं ते मी मागितलंच नव्हतं. माझ्या पिटिशनच्या प्रेयरमध्ये, म्हणजे शेवटी जिथे काय हवंय ते लिहितात तिथे, 'कन्सिडर' एवढाच शब्द होता. बाईंकडे दाखला होता, गावातल्या चार म्हाताऱ्यांच्या साक्षी होत्या, त्या बघून कारणासहित निर्णय द्या असं मी लिहायला हवं होतं. दुसरी रिट केली. पेन्शन सुरू व्हायला आणखी सव्वा वर्ष गेलं. ते सव्वा वर्ष माझ्या एका शब्दामुळे गेलं, आणि त्या वर्षात बाई ऊसतोडीला जातच राहिल्या.

म्हणून आबांच्या कागदाकडे वळताना मी घाई केली नाही.

आबांचं गाव घाटमाथ्याच्या जंगलपट्टीत. पावसाळ्यात ओढा भरला की चार-चार दिवस वाट बंद. नाचणी, भात, थोडी काजूची झाडं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावानं दावे केले होते. आबा आदिवासी नाहीत, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांना दाखवावं लागतं की 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, ते जंगलात राहत आणि जंगलावर जगत होते. हिशेब केला तर वास्तव्य निदान 1930 पासूनचं दाखवावं लागतं. आदेशात लिहिलं होतं: 'या जमिनीवर 75 वर्षांच्या ताब्याचा पुरावा नाही, म्हणून तिरस्करिसलागिदे.'

इथेच चूक होती. कायदा त्या तुकड्यावर 75 वर्षं ताबा मागत नाही. तो वास्तव्य आणि जंगलावरची भिस्त मागतो. जमिनीवरचा ताबा 13 डिसेंबर 2005 ला असला म्हणजे झालं. एका शब्दाची चूक, 'वास्तव्य' ऐवजी 'ताबा', आणि अख्ख्या गावाचे दावे गेले.

पण 1930 च्या आधीचं वास्तव्य तरी दाखवायचं कसं? या कायद्याखालच्या नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे, आणि ती फार माणुसकीनं केलेली आहे. गॅझेटिअर चालतं. जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे रिपोर्ट, नकाशे चालतात. घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या खुणा चालतात. दावा करणारा सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. मात्र एकापेक्षा जास्त पुरावे लागतात.

तीन महिने मी शनिवार-रविवार त्याच कामात घातले. 1884 चं मुंबई इलाख्याचं बेळगाव गॅझेटिअर, खंड 21, त्यात या डोंगरपट्टीचं आणि कुमरी शेतीचं वर्णन आहे. जंगल तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरायची ती कुमरी. आबांच्या आजोबांची कुमरी होती हे गाव सांगत होतं, आता पुस्तकही सांगू लागलं. मग जवळच्या मोठ्या गावातली मराठी शाळा. मुख्याध्यापकबाईंनी कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं, वाळवी लागलेलं, पण पानं शाबूत. त्यात 1920 च्या दशकात आबांच्या चुलत्याचं नाव, बापाचं नाव, राहणार अमुक वाडी, धंदा शेती. मी ते पान मोबाइलवर टिपताना हात थरथरत होते. शाळेचं रजिस्टर कुणी वनहक्काच्या पुराव्यासाठी लिहिलेलं नव्हतं. एका मास्तरानं आपलं रोजचं काम चोख केलं होतं.

शेवटी गावच्या देवळातल्या पेटीतला एक मोडी कागद, देवाच्या जमिनीच्या खंडाचा. मोडी वाचणारे बेळगावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका निवृत्त शिक्षकांनी तो देवनागरीत उतरवून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यात वाडीचं नाव होतं.

मग कागदांची भाषांतरं. मोडीतून देवनागरी, देवनागरीतून इंग्रजी, कन्नड आदेश इंग्रजीत. एका माणसाच्या एका गुंठ्यासाठी चार लिप्या. रात्री दोनला शपथपत्र पुरं करताना माझ्या मनात आलं, आबांना यातलं एकही पान वाचता येणार नाही, आणि खाली अंगठा त्यांचा असणार. म्हणून मी दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले आणि सगळी पिटिशन त्यांना मराठीत सांगितली, ओसरीवर बसून, दीड तास. आबांनी दोन ठिकाणी थांबवलं. एका जागी ओढ्याची बाजू मी चुकीची लिहिली होती. दुसरीकडे म्हणाले, "आमी अतिक्रमण केलं न्हाई असं लिवलंईस, ते काढ. आमी केलंच न्हाई तर ते नाव तरी कशाला घेतीस?" काढलं. तेव्हापासून प्रत्येक पिटिशन मी दाखल करण्याआधी माणसाला त्याच्या भाषेत सांगते. कन्नड बोलणाऱ्यांना मैत्रीण सांगते.

धारवाड खंडपीठ पुणे-बेंगळुरू हमरस्त्याला लागूनच आहे, बेळगावहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. 2008 च्या जुलैत ते फिरतं खंडपीठ म्हणून सुरू झालं, 25 ऑगस्ट 2013 पासून कायम झालं. त्याआधी रिटसाठी पाचशे किलोमीटरवर बेंगळुरू. सर सांगतात, पक्षकाराला सोबत न्यायचं तर त्याची दोन दिवसांची मजुरी, रेल्वेचं तिकीट, राहणं, यातच निम्मे लोक भांडण सोडून द्यायचे. कुठला हक्क खरा आणि कुठला कागदावरचा हे कधीकधी एवढ्यावर ठरतं की कोर्टापर्यंत सकाळची बस जाते का.

पहिल्या तारखेला सरकारी वकिलांनी नोटीस घेतली आणि मला अंतरिम आदेश मिळाला: दाव्याची पडताळणी कायद्याप्रमाणे पुरी होईपर्यंत हटवायचं नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) मध्ये ते आहेच. काही महिन्यांनी दावा फेटाळणाऱ्या सरकारी समितीचं म्हणणं आलं, सोबत शपथपत्र. आदेशात नव्हती ती कितीतरी कारणं त्यात होती. उपग्रहाचं चित्र, वन्यजीवांचा मार्ग, ग्रामसभेच्या ठरावातल्या त्रुटी. मी हे शपथपत्र वाचून रात्रभर घाबरून होते. सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "गिल."

मोहिंदर सिंग गिल, 1978. आदेश टिकतो की नाही हे त्या आदेशात लिहिलेल्या कारणांवरच बघायचं, मागाहून शपथपत्रात नवी कारणं घालून तो तगवता येत नाही. कॉलेजात हा निकाल मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या दिवशी कोर्टात उभी राहून मी आदेशाची ती एक ओळ वाचली, मग कायद्याचं कलम वाचलं आणि दोन शब्द शेजारी ठेवले, वास्तव्य आणि ताबा. मग नियम 12-अ, 2012 च्या दुरुस्तीतला: दावा फेटाळायचा तर कारणं लिहून दावेदाराला स्वतःला कळवली पाहिजेत, म्हणजे त्याला पुढे दाद मागता येईल. न कळणाऱ्या भाषेत, कुणाच्या तरी हाती पाठवलेला कागद म्हणजे कळवणं का, असं मी विचारलं. न्यायमूर्तींनी आबांकडे बघून विचारलं की आले आहेत का. आबा मागच्या बाकावर होते, धोतर-पटक्यात, सरळ बसलेले. उभे राहिले, हात जोडले.

आदेश रद्द झाला. प्रकरण समितीकडे परत, दावेदाराला समक्ष ऐकून, नियम 13 चे पुरावे एकेक करून बघून, तीन महिन्यांत कारणांसहित निर्णय. या वेळी प्रेयर मी नीट लिहिली होती. निर्णयाची मराठी प्रत मिळावी ही मागणी मात्र मंजूर झाली नाही, त्यासाठी वेगळं निवेदन करायची मोकळीक मिळाली.

त्या मागणीवर मी अजून काम करते आहे. राज्यघटनेच्या कलम 350 नं देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला दिलाय. आबा मराठीत अर्ज करू शकतात. उत्तर कुठल्या भाषेत यावं याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. 1956 च्या केंद्राच्या निवेदनात आहे की तालुक्यात, नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही निघावेत. पण निवेदन म्हणजे कायदा नव्हे, आणि एकट्या माणसाला आलेला आदेश म्हणजे सूचना नव्हे. या फटीत आबांसारखे लोक सापडतात. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर माणसाला आलेलं पत्र कळलं पाहिजे. आणि हे मी कोल्हापूर-सोलापूरकडे राहणाऱ्या कन्नड माणसासाठीही तितक्याच जोरानं म्हणेन.

बाकी कामं असतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की जमावबंदीचे आदेश निघतात, पूर्वीचं 144, आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 163, आणि रात्री फोन येतो की अमक्याला उचललं. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं हे राज्यघटनेचं कलम 22 तेव्हा फोनवरच सांगावं लागतं. शाळांची प्रकरणं असतात. गटारात उतरवलेल्या माणसांच्या बायकांची असतात. फी बहुतेकांना परवडत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मी त्या पॅनलवर आहे. महिन्याचा खर्च मी दिवाणी कामांतून भागवते. नुसत्या रिटवर बेळगावात पोट भरत नाही, येणाऱ्या मुलींनी हे धरूनच यावं.

समितीपुढच्या सुनावणीला मी आबांबरोबर गेले. मोडीचा कागद, रजिस्टरचं पान, गॅझेटिअर, दोन वडीलधाऱ्यांची निवेदनं. निर्णय तीन महिन्यांत आला नाही. मुदतवाढ झाली, मी अवमान याचिकेचा मसुदा करून ठेवला, मग आला. आबांचा दावा मंजूर. शेजारच्या तिघांचे परत ग्रामसभेकडे, त्यांचं काम चालू आहे.

हक्कपत्र वाडीवर आलं त्या दिवशी मला बोलावणं होतं. आजींनी आंबोळ्या केल्या होत्या. कायद्यानं हे पत्र नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतं, हे मी आजींना आधी सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. नातवानं कन्नड अक्षरं लावली आणि आजींचं नाव वाचलं. त्या थांबल्या. म्हणाल्या, "परत वाच."

त्यानं परत वाचलं. 'ळ' च्या जागी 'ल' पडला होता.

आबा म्हणाले, असू दे, एका अक्षराचं काय, परत कोण जाणार त्या ऑफिसात. आजी चुलीकडे गेल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "माजं नाव हाय ते. नीट करून आणा म्हणावं."

मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला, मराठीत.